माळावरचा धावपटू : कारवानी कुत्र्याची ओळख आणि संगोपन

सांगली, सोलापूर, लातूर या जिल्ह्यांच्या कोरडवाहू पट्ट्यात आणि सीमेपलीकडच्या विजापूर-बागलकोट भागात एक कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. उंच, सडसडीत, लांब तोंडाचा, खोल छातीचा आणि आत ओढलेल्या पोटाचा. त्याला पाहिले की पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास विचारतो, ‘याला खायला घालत नाही का?’ पाळणारा हसतो. माळावर ससा उठला की हे हाडकुळे दिसणारे जनावर काय करते, हे त्याने पाहिलेले असते.

गेल्या काही वर्षांत हा कुत्रा माळ सोडून शहरात आला आहे. पुण्यामुंबईच्या सोसायट्यांत तो दिसतो. देशी जात पाळावी ही भावना त्यामागे आहे आणि ती चांगलीच आहे. पण भावनेबरोबर माहिती आली नाही, तर त्रास त्या मुक्या जनावराला होतो. मी पशुवैद्य नाही, की इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून गेली बावीस वर्षे या कुत्र्याविषयी मिळेल ते वाचत आलो आणि तो पाळणाऱ्यांच्या ओसरीवर बसून ऐकत आलो. त्यातून जे पक्के हाती लागले, ते येथे मांडतो.

नावांचा गुंता

एकाच कुत्र्याला चार नावे आहेत. लातूर-सोलापूरकडे ‘कारवान’ किंवा ‘कारवानी’, अंगावर व कानाशेपटीला लांब रेशमी केस असतील तर ‘पश्मी’, कर्नाटकात ‘मुधोळ’ आणि इंग्रजी कागदपत्रांत ‘कॅरव्हान हाउंड’. हे इंग्रजी नाव कारवानीचाच तर्जुमा आहे. कारवान हा फारसी शब्द, अर्थ तांडा किंवा काफिला. पश्म म्हणजे मऊ लोकर. आपला पश्मिना त्याच घरातला.

मुधोळ हे घटप्रभेच्या काठचे गाव. तेथे घोरपड्यांचे संस्थान होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तेथील राजे मालोजीराव घोरपडे यांनी आपल्या मुलखातील हे कुत्रे निवडून, जोड्या जमवून त्यांची पैदास सुधारली. इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना त्यांनी या कुत्र्यांची जोडी भेट दिली आणि तेथून ‘मुधोळचे कुत्रे’ हे नाव रूढ झाले, असे सांगितले जाते. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये तो भाग म्हैसूर राज्यात गेला. कुत्र्याच्या नावाचीही जणू तेव्हापासून राज्यपुनर्रचना झाली. सीमेच्या अलीकडे कारवानी, पलीकडे मुधोळ.

श्वानसंघटनांनी हा गुंता आणखी पक्का केला. केनेल क्लब ऑफ इंडिया या जातीची नोंद कॅरव्हान हाउंड म्हणून करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून. दोन नावे, दोन नोंदवह्या आणि त्यावर दोन्हीकडच्या पाळणाऱ्यांचे वाद. जातीच्या दृष्टीने यात नुकसान आहे. आधीच थोडक्या असलेल्या चांगल्या जनावरांची वंशावळ दोन वह्यांत विभागली जाते. या लेखात मी ‘कारवानी’ हे नाव वापरतो, कारण माझ्या भागात लोक तेच वापरतात.

मूळ शोधताना

हा कुत्रा आला कोठून? सर्वत्र एकच कथा सांगितली जाते. इराण, अफगाणिस्तान, मध्य आशियातून घोड्यांचे व्यापारी आणि पठाण-तुर्क शिपाई दख्खनच्या दरबारांत येत. त्यांच्या काफिल्याबरोबर सलुकी आणि ताजी जातीचे कुत्रे आले, त्यांचा येथल्या कुत्र्यांशी संकर झाला आणि त्यातून कारवानी जन्मला. कथेत तथ्य असायला जागा आहे. बहमनी आणि आदिलशाही काळात घोड्यांचा व्यापार जोरात होता, हे इतिहासाला ठाऊक आहे. ‘ताजी’ हा फारसी शब्द अरबी घोड्यालाही लागतो आणि शिकारी कुत्र्यालाही. घोडा आणि कुत्रा एकाच वाटेने, एकाच मालकाबरोबर प्रवास करत, याची खूण भाषेने अशी जपली आहे. पश्मीच्या कानाशेपटीवरचे लांब केस सलुकीची आठवण करून देतात, ही बाबही कथेच्या बाजूने जाते.

मात्र परदेशी कुत्रे येण्यापूर्वी येथे शिकारी कुत्रेच नव्हते, असे मानण्याचे कारण नाही. उलट पुरावा दगडात कोरलेला आहे. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात आतकूर येथे सापडलेला शिलालेख शके ८७२ चा, म्हणजे इ. स. ९४९-५० चा आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि त्याचा गंग मांडलिक बूतुग यांच्या काळातील हा लेख. बूतुगाचा मनलेर नावाचा शूर सेवक होता. राजाने प्रसन्न होऊन काय हवे असे विचारले, तेव्हा मनलेराने मागितला ‘काळी’ नावाचा कुत्रा. पुढे त्या काळीला एका मोठ्या रानडुकरावर सोडले आणि लढता लढता कुत्रा आणि डुक्कर दोघेही मेले. काळीच्या स्मरणार्थ दगड उभारला गेला आणि त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. तो दगड आज बंगळूरच्या शासकीय संग्रहालयात आहे. आपल्याकडे गावोगावी वीरगळ आहेत, पण नावानिशी कुत्र्याची स्मृती जपणारा असा दगड विरळाच.

काळी हा कारवानीचा पूर्वज होता असा दावा कोणी करू नये. डुकराला धरून ठेवणारा कुत्रा जाडजूड हाडाचा लागतो, सशामागे धावणारा हलका. दोन्ही कामे वेगळी, देहही वेगळे. पण सहाव्या-सातव्या पिढीतल्या माणसालाही विसरू नये इतकी किंमत हजार वर्षांपूर्वी या मुलखात शिकारी कुत्र्याला होती, एवढे या लेखातून निर्विवाद कळते.

येथे एक सावधगिरीची गोष्ट. दोन जाती सारख्या दिसतात म्हणून त्या एका रक्ताच्या असतातच असे नाही. उघड्या माळावर वेगाने पळणारे सावज नजरेने हेरून पकडायचे, हे काम जेथे जेथे कुत्र्याला लावले, तेथे लोकांनी सर्वांत वेगवान नर आणि सर्वांत वेगवान मादी निवडली. काही पिढ्यांत लांब पाय, खोल छाती आणि अरुंद डोके येणारच. काम सारखे, म्हणून घडण सारखी. तेव्हा इराणी रक्त किती आणि दख्खनच्या माळाने केलेली निवड किती, हा प्रश्न नुसत्या डोळ्यांनी सुटणारा नाही.

आणखी एक बोलबाला असा की शिवछत्रपतींच्या सैन्यात मुधोळ कुत्र्यांच्या तुकड्या होत्या. हे सांगणाऱ्यांना मी एवढीच आठवण देतो की मुधोळचे बाजी घोरपडे हे आदिलशाही सरदार होते आणि १६६४ मध्ये महाराजांनीच त्यांच्यावर चालून जाऊन त्यांचा पाडाव केला. या कुत्र्याला मोठेपणा देण्यासाठी अशा कथांची गरज नाही. त्याचे शरीर पुरेसे बोलते.

पळण्यासाठी घडलेला देह

शिकारी कुत्र्यांचे ढोबळ दोन वर्ग. एक नाकाने माग काढणारा, दुसरा डोळ्यांनी सावज हेरून पाठलाग करणारा. कारवानी दुसऱ्या वर्गातला. ग्रेहाउंड, सलुकी, अफगाण हाउंड आणि आपल्याकडचे रामपूर हाउंड, चिप्पिपाराई हे त्याचे भाऊबंद.

नराची खांद्यापाशी उंची साधारण २७ ते २९ इंच, मादी दोनेक इंचांनी कमी. वजन २० ते २८ किलो. म्हणजे उंचीने जर्मन शेफर्डपेक्षा चढ आणि वजनाने बराच हलका. डोके लांब व निमुळते, जबडा मजबूत, कान मध्यम व डोक्याला चिकटून लोंबणारे, मान लांब, पाठ रुंद व किंचित कमानदार. शेपूट बुंध्याशी जाड, टोकाला बारीक आणि सहज वळलेली. रंग फिकट पिवळा, तांबूस, राखाडी, काळा, पांढऱ्या ठिपक्यांसह किंवा त्यांशिवाय. कारवानीचे केस आखूड व कातडी पातळ. पश्मीला कान, पाय, शेपटीवर झालर.

यातील प्रत्येक गोष्टीला कारण आहे. खोल छातीत मोठे हृदय आणि फुप्फुसे मावतात. पोट आत ओढलेले असल्यामुळे धावताना मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे येऊन पडू शकतात. भरधाव घोडा एका पूर्ण झेपेत एकदाच चारही पाय जमिनीवरून उचलतो. नजरेचे शिकारी कुत्रे आणि चित्ता मात्र दोनदा हवेत असतात. एकदा देह धनुष्यासारखा आक्रसलेला असतो तेव्हा, आणि एकदा तो पूर्ण ताणलेला असतो तेव्हा. कण्याची ही कमान हेच त्यांचे इंजिन. अंगावर चरबी जवळजवळ नसते, कारण चरबी म्हणजे ओझे. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकरवी काळविटांची शिकार चाले, तेथे हीच धाव पाहायला लोक माळावर जमत. चित्ता आपल्याकडून नाहीसा झाला. त्या धावेची आपल्याकडची जिवंत आठवण आता या कुत्र्यातच उरली आहे.

डोळ्याचेही तसेच. लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यांतील पडद्यावर संवेदनशील पेशींचा दाट आडवा पट्टा असतो. आखूड तोंडाच्या कुत्र्यांत तो तसा नसतो. क्षितिजाच्या रेषेवर हललेली लहानशी वस्तूही त्यामुळे पटकन टिपली जाते. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग कळतो, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. पण हालचाल त्याला आपल्यापेक्षा चांगली दिसते. शांत बसलेला ससा त्याच्या नजरेतून निसटेल. कान हलवलेला ससा निसटणार नाही.

स्वभाव

नाकाने काम करणारा कुत्रा वारंवार मालकाकडे वळून पाहतो. नजरेचा शिकारी मालकापासून पाव कोस लांब गेलेला असतो. वळायचे कोठे, सावजाची वाट अडवायची कशी, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. म्हणून तो स्वतंत्र बुद्धीचा झाला. ‘बस’ म्हटले की बसणे त्याला कळते. पण बसण्यात काय फायदा, याचा विचार तो आधी करतो. लोक याला हट्टीपणा किंवा मठ्ठपणा म्हणतात. ती त्याच्या कामाची शिदोरी आहे.

तो घरच्या माणसांशी अतिशय मायाळू, परक्याशी अलिप्त. पाहुण्याने एकदम डोक्यावर हात ठेवलेला त्याला आवडत नाही. मारहाण आणि आरडाओरडा त्याला सोसत नाही. एकदा मनातून उतरलेला माणूस पुन्हा मनात चढायला महिने लागतात. आमच्या घरची कुत्री सावळी चुलीजवळच्या पोत्यावर दिवसाचे पंधरा तास झोपून असते. अंगणात कोंबडी फडफडली की मात्र एका क्षणात ती वेगळेच जनावर होते. ही दोन टोके हाच त्या जातीचा स्वभाव आहे, आणि पाळणाऱ्याने दोन्ही मान्य करूनच तिला घरात आणावे.

पिल्लू तीन ते चौदा आठवड्यांचे असताना जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्याला आयुष्यभर आपले वाटते. या काळात मुले, म्हातारी माणसे, शेळ्या, मांजर, मोटारसायकल, फटाक्यांचे आवाज, सगळ्यांची हळूहळू ओळख करून द्यावी. त्यानंतरही मांजर आणि कोंबड्या यांच्याबाबत पूर्ण विश्वास ठेवू नये. पाठलाग त्याच्या रक्तात आहे; शिकवणुकीने तो आवरता येतो, पुसता येत नाही.

आहार, निवारा, व्यायाम

खेड्यात कारवानीला ज्वारीची भाकरी, ताक-दूध, कधी अंडे, कधी खाटकाकडची छाट असा आहार असतो. त्यात प्रथिने कमी पडतात. वाढत्या पिल्लाला आणि दूध पाजणाऱ्या कुत्रीला अंडी, मांस, उकडलेली डाळ असे अधिक हवे. कांदा, द्राक्षे-मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषासमान आहेत. दिवाळीच्या दिवसांत हे विशेष लक्षात ठेवावे. शिजवलेली हाडे फुटून आतड्यात टोचतात, तीही देऊ नयेत.

या जातीत शेवटच्या दोन-तीन फासळ्या आणि कमरेची हाडे किंचित दिसणे हेच तब्येतीचे लक्षण. शेजाऱ्यांच्या टोमण्यांना कंटाळून कुत्रा गुबगुबीत केला, तर त्याच्या लांब बारीक पायांच्या सांध्यांवर भार येतो. दिवसाचे जेवण दोन वेळांत विभागावे. खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून त्याला पीळ पडण्याचा धोका असतो. पोट ढोलकीसारखे ताणलेले, उलटीचा उमाळा येतो पण काही पडत नाही, कुत्रा अस्वस्थ, अशी लक्षणे दिसली तर सकाळची वाट पाहू नये. तास-दोन तासांत जीव जाऊ शकतो. जेवणानंतर निदान तासभर धावपळ करू देऊ नये.

अंगावर चरबी नसल्यामुळे हा कुत्रा फरशीवर झोपला की कोपरांना घट्टे पडतात, गाठी येतात. जुनी गोधडी, पोते, काहीही मऊ अंथरूण द्यावे. थंडीत त्याला खरोखरच थंडी वाजते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री घरात घ्यावे. तो कोरड्या उन्हाच्या मुलखातला असला तरी भर दुपारी डांबरी रस्त्यावर चालवू नये. कातडी पातळ, त्यामुळे काटेरी तारेने किंवा बाभळीच्या काट्याने ती लांबलचक फाटते. कुंपणाची तार पाहून घ्यावी.

त्याला सतत पळावे लागते हा गैरसमज आहे. तो मॅरेथॉनचा नव्हे, शंभर मीटरच्या शर्यतीचा गडी. दिवसातून दोन वेळा पट्ट्याने अर्धा तास चालणे आणि आठवड्यातून तीन-चार वेळा बंदिस्त मोकळ्या जागेत पोटभर धाव, एवढ्यावर तो सुखी असतो. बंदिस्त हा शब्द महत्त्वाचा. एकदा काही दिसले की हाक त्याच्या कानात शिरत नाही, मध्ये महामार्ग आहे हेही दिसत नाही. पट्टा घेताना एक बारकावा. याचे डोके मानेपेक्षा अरुंद असते, त्यामुळे साधा पट्टा मागे सरकून सहज निघतो. रुंद आणि ओढल्यावर थोडा आवळणारा, पण गळफास न होणारा पट्टा घ्यावा. दिवसभर साखळीला बांधलेला कारवानी दोन वर्षांत चिडका होतो. तो दोष जातीचा नसतो.

दवाखान्याच्या दारात

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा. नजरेचे शिकारी कुत्रे बाकीच्या कुत्र्यांपेक्षा आतूनही वेगळे असतात. ग्रेहाउंडवर याचा पुष्कळ अभ्यास झाला आहे आणि कारवानी पाळणाऱ्याने त्यापासून शिकावे.

पहिली बाब भुलीची. थायोपेंटोनसारखी बार्बिट्युरेट गटातील औषधे सामान्य कुत्र्यात आधी चरबीत पसरतात, त्यामुळे त्यांचा अंमल लवकर ओसरतो. ग्रेहाउंडमध्ये चरबी नाही आणि त्याचे यकृतही ही औषधे सावकाश मोडते. परिणामी भूल तासन्‌तास टिकते आणि श्वास, शरीराचे तापमान घसरत जाते. माझ्या परिचयातील एका शेतकऱ्याच्या कारवानी कुत्रीची नसबंदी झाली. शुद्धीवर यायला तिला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. ती वाचली, कारण त्याच्या बायकोने रात्रभर तिला घोंगडीत गुंडाळून, गरम पाण्याच्या बाटल्या लावून, नाकाशी हात धरून बसून काढली. आज अधिक सुरक्षित औषधे व वायूची भूल उपलब्ध आहे. शस्त्रक्रियेआधी मालकाने स्वतःहून सांगावे, ‘डॉक्टर, हा ग्रेहाउंडच्या गटातला आहे, भूल त्या हिशोबाने द्या आणि शुद्धीवर येईपर्यंत ऊब ठेवा.’ हे एक वाक्य जीव वाचवू शकते.

दुसरी बाब रक्ततपासणीची. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण बरेच जास्त असते. सामान्य कुत्र्यात ते ३७ ते ५५ टक्क्यांच्या आसपास धरतात, ग्रेहाउंडमध्ये ६० च्या घरात जाणेही आजाराचे लक्षण नसते. उलट प्लेटलेट आणि थायरॉक्सिन कमी असतात. अहवालावर छापलेली ‘सामान्य’ मर्यादा इतर जातींवरून ठरलेली. त्यामुळे धडधाकट कुत्र्याला थायरॉइडच्या गोळ्या सुरू होण्याचा धोका राहतो. दुसऱ्या टोकाची चूकही होऊ शकते. एर्लिकिया या गोचिडांनी पसरणाऱ्या रोगात प्लेटलेट घटतात आणि आपल्याकडे तो सर्रास आढळतो. एकूण, केवळ आकड्यावर जाऊ नये, कुत्र्याकडे पाहावे. कुत्रा निरोगी असतानाच एकदा रक्त तपासून तो अहवाल जपून ठेवावा. पुढे आजारपणात तुलनेला तोच उपयोगी पडतो.

बाकी काळजी इतर कुत्र्यांसारखीच. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वो-डिस्टेंपरची लस, सोळा आठवड्यांपर्यंत तिचे पुढचे डोस. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस आणि मग डॉक्टर सांगतील तसे नियमित. पिल्लांना दर पंधरवड्याला जंताचे औषध. पावसाळ्यात कान, बोटांमधल्या बेचक्या आणि शेपटीखाली गोचीड रोज पाहावी. ढोरांसाठीचे गोचीड-औषध अंदाजाने कुत्र्याला लावू नये.

सावज नसलेला शिकारी

आता अवघड प्रश्न. हा कुत्रा ज्या कामासाठी घडला, ते काम आज गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात बंदूक आणि सापळा यांच्याबरोबर कुत्र्यांकरवी केलेला पाठलागही येतो. त्यासाठीचा ‘कोर्सिंग’ हा शब्दच तेथे आहे. नुसता प्रयत्नही शिकारच ठरतो. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत, ससाही संरक्षित आहे.

पाळणाऱ्यांच्या बैठकीत हा विषय निघाला की आवाज खाली येतात. ‘ससा उठला तर कुत्रा धावणारच, आम्ही काय करणार?’ मी त्यांना उत्तर देतो की कुत्रा धावणारच. पट्टा सोडायचा की नाही हे आपल्या हातात आहे. नान्नज, रेहेकुरीसारखी अभयारण्ये सोडली तर दख्खनचे गवताळ माळ झपाट्याने नांगराखाली, सौरप्रकल्पांखाली आणि प्लॉटिंगखाली जात आहेत. कायद्याच्या कागदावर त्यांना कित्येकदा ‘पडीक’ म्हणतात. उरलेल्या तुकड्यांत लांडगा, खोकड, काळवीट, तणमोर यांना मोकाट कुत्र्यांचा उपद्रव मोठा आहे. त्यात आपण आणखी वेगवान कुत्रा सोडायचा का? ज्या माळाने हा कुत्रा घडवला, त्या माळाचे वैरी आपण होऊ नये.

म्हणून काम बदलले पाहिजे. सैन्याने २०१६ मध्ये मेरठच्या प्रशिक्षण केंद्रात मुधोळ पिल्ले नेऊन त्यांच्यावर प्रयोग केले. हवाई दलाने आग्रा येथे धावपट्टीवरचे पक्षी पिटाळण्यासाठी २०२१ मध्ये हे कुत्रे घेतले, हा त्याच्या नजरेचा आणि वेगाचा नेमका उपयोग आहे. सामान्य पाळणाऱ्याला सोपा मार्ग म्हणजे दोरीला बांधलेल्या कापडाच्या बोळ्यामागे धाव. सायकलच्या चाकाचे जुने रहाट करून बोळा वेगाने ओढायचा. कुत्र्याला पाठलागाचे सुख मिळते आणि माळावरच्या कोणाला धक्का लागत नाही. मी चार गावांत हे करून पाहिले आहे. कुत्र्यांना फसवणूक कळते की नाही सांगता येत नाही, पण दुसऱ्या दिवशी ती रहाटाजवळ आधीच येऊन उभी असतात.

पैदासीची जबाबदारी

२००५ मध्ये टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यात मुधोळ होता. मुधोळजवळ तिम्मापूर येथे कर्नाटकच्या पशुविज्ञान विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे आणि तेथून नोंदणीकृत पिल्ले मिळतात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजपालयम आणि चिप्पिपाराईबरोबर मुधोळचीही स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये देशी कुत्र्यांचा उल्लेख केला आणि मागणी एकदम वाढली.

मागणीचा फायदा झाला, तोटाही झाला. एका कुत्रीवर वर्षातून दोन विणी लादणे, बाप-लेक किंवा भाऊ-बहीण जुळवणे, पाच आठवड्यांचे पिल्लू पेटीत घालून बसने पाठवणे, हे सर्व मी पाहिले आहे. उंच दिसावा म्हणून ग्रेट डेनचे, वेग यावा म्हणून ग्रेहाउंडचे रक्त मिसळलेले ‘शुद्ध कारवानी’ही पाहिले आहेत. २०१७ च्या श्वानपैदास नियमांनुसार पैदास करणाऱ्याला नोंदणी बंधनकारक आहे, अठरा महिन्यांच्या आतील कुत्री पैदाशीला वापरता येत नाही आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. हे नियम खेड्यापर्यंत पोचवणारा कोणी नाही. ग्राहकाने आग्रह धरला तर मात्र ते पोचतात. पिल्लाची आई दाखवा, तिचे वय सांगा, बाप कोणाचा ते सांगा, ही तीन वाक्ये पुरेशी आहेत.

जुन्या पाळणाऱ्यांची पद्धत शिकण्यासारखी होती. ते पिल्लू विकत नसत, देत. पुढच्या विणीतले एक पिल्लू परत घ्यायचे, असा शब्द असे. त्यामुळे कोणत्या गावात कोणाचे रक्त आहे, हे दहा-पंधरा माणसांच्या डोक्यात पक्के असे. ती माणसे आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. त्यांच्या डोक्यातली वंशावळ कागदावर उतरवणे हे आज सर्वांत निकडीचे संशोधन आहे, आणि त्याला ना प्रयोगशाळा लागते ना अनुदान. एक वही, एक दुचाकी आणि ऐकण्याची तयारी पुरते. माझ्या वहीत आतापर्यंत एकतीस गावे झाली आहेत.

कारवानी कोणी पाळावा, असे मला पत्रांतून विचारले जाते. ज्याच्याकडे कुंपणाची मोकळी जागा आहे किंवा ती रोज मिळवण्याची सवड आहे, ज्याला आज्ञाधारक नोकर नको तर स्वाभिमानी सोबती हवा आहे, आणि जो बारा-तेरा वर्षांचा विचार करू शकतो, त्याने जरूर पाळावा. केवळ देशी आहे, चर्चेत आहे, गेटवर शोभून दिसेल म्हणून हवा असेल, तर त्याने गावातलेच एखादे बेवारस पिल्लू घरी न्यावे. तेही देशीच आहे, त्याला घराची गरज अधिक आहे, आणि माळावरच्या धावपटूला बाल्कनीत उभे राहून खालची वाहने मोजत आयुष्य काढावे लागणार नाही.